उन्हाळ्याचा खुराक : गोठ्यातल्या नोंदी, मार्च ते जून २०२५

९ मार्च, रविवार

आजपासून वही सुरू. गोठ्यात बारा दुभत्या संकरित गाई, दोन आटवलेल्या (व्यायच्या आधी दूध थांबवलेल्या), एक पंढरपुरी म्हैस आणि आबांची एक देशी खिलार गाय. गाव सांगोला तालुक्यातलं, माण नदीपासून आत. पाऊस कमी, ऊन भरपूर.

मागच्या उन्हाळ्यात दूध घटलं ते घटलंच, पण जास्त झोंबलं ते फॅट. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरून दर ठरतो. त्याखाली गेलं की पैसे कापले जातात. आमच्या पावतीवर सलग पाच आठवडे ३.१, ३.२ येत होतं. दूध कमी, त्यात दरही कमी. शिवाय दोन गाई उलटल्या, म्हणजे भरवूनही परत माजावर आल्या, त्या वेगळ्याच, दिवाळीपर्यंत गाभ राहिला नाही.

तेव्हा जो तो काहीतरी सांगत होता. सोडा द्या, उसाची मळी द्या, अमुक पावडर द्या. आम्ही सगळं थोडं थोडं दिलं आणि कशाचा उपयोग झाला ते शेवटपर्यंत कळलं नाही. या वर्षी तसं करायचं नाही. जे द्यायचं ते तोलून द्यायचं, कोणाला दिलं ते लिहायचं, आणि गाईकडं बघून मोजायचं.

१२ मार्च

मोजायचं कसं ते ठरवलं.

तापमान आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ आणलं आणि गव्हाणीच्या खांबाला गाईच्या पाठीच्या उंचीवर बांधलं. पत्र्याजवळ बांधलं असतं तर पत्र्याचा ताप दाखवला असता. त्यावरून तापमान-आर्द्रता निर्देशांक काढायचा. सूत्र वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं आहे:

(१.८ × तापमान + ३२) − (०.५५ − ०.००५५ × आर्द्रता) × (१.८ × तापमान − २६)

निर्देशांक ७२ च्या वर गेला की दुभत्या गाईला ताण सुरू होतो, हा जुना आकडा. जास्त दूध देणाऱ्या गाईंना ६८ पासूनच फरक पडतो असं आता मानतात. आज दुपारी अडीचला ३६ अंश, आर्द्रता २५. हिशोब ८०.८ आला. मार्च अर्धाही संपला नाही आणि आम्ही ८० च्या वर!

दुसरं मोजमाप श्वासाचं. बसलेल्या गाईची कूस अर्धा मिनिट बघायची, किती वेळा वरखाली होते ते मोजून दुप्पट करायचं. साठच्या पुढं गेलं की गाय तापली. ऐंशीच्या पुढं काळजी. तिसरं गुदद्वारातलं तापमान, १०१.५ फॅरनहाइटच्या आसपास असावं, १०३ च्या पुढं गेलं की लिहून ठेवायचं. हे रोज सगळ्यांचं जमणार नाही, चार ठरावीक गाईंचं घेणार: चंद्री, गौरी, शेवंता, मोरी.

१९ मार्च

खुराकाच्या आधी पाणी.

बोअरचं पाणी मचूळ आहे हे घरात सगळ्यांनाच ठाऊक, पण कोणी मोजलं नव्हतं. टीडीएस मीटर बुडवला, १९०० च्या आसपास. म्हणजे एका लिटरमध्ये जवळपास १.९ ग्रॅम विरघळलेले क्षार. गाईला चालतं, तीन हजारांपर्यंत फारसा त्रास होत नाही. पण हिशोब करून पाहिला. उन्हाळ्यात एक गाय नव्वद लिटर प्यायली तर दिवसाला १७० ग्रॅम क्षार नुसते पाण्यातून पोटात जातात. आणि आम्ही वरून खुराकात मुठीनं मीठ टाकतो.

सोडियम किती लागतं तेही मांडलं. सोळा लिटर देणारी आमची गाय कोरडं धरून चौदा किलोच्या आसपास खाते. उन्हाळ्यात आहारात ०.४५ टक्के सोडियम असावं असं धरलं तर ६३ ग्रॅम. दीडशे ग्रॅम खाण्याच्या सोड्यातून ४१ ग्रॅम मिळतं, साठ ग्रॅम मिठातून साडेतेवीस. झालं की पूर्ण! पाण्यातलं त्यात धरलंच नाही. म्हणून मीठ निम्मं केलं, गाईमागे तीस ग्रॅम. आईला सांगितलं, मूठ बंद, आता माप.

हौद उन्हात होता. दुपारी त्यातलं पाणी हाताला कोमट लागायचं आणि गाई नुसतं तोंड लावून मागं यायच्या. त्यावर शेडनेट टाकलं. याला नव्वद टक्के मार्क द्यावेत, इतका फरक दोन दिवसांत दिसला. गौरी एका दमात घटाघटा पिते आहे.

२५ मार्च

सोडा का द्यायचा हे आबांना समजावून सांगताना माझं मलाच नीट उमगलं, म्हणून इथं लिहून ठेवते.

गाय धापते तेव्हा श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो आणि रक्त अल्कधर्मी होतं. ते सावरायला मूत्रपिंडं बायकार्बोनेट लघवीवाटे टाकून देतात. दुसरीकडं तोंडातून लाळ गळत असते. गाईच्या लाळेत हेच बायकार्बोनेट असतं आणि एरवी रोज शंभर लिटरच्या वर लाळ पोटात जाऊन पोटातलं आम्ल मारत असते. आता ती जमिनीवर गळते. त्यात गाय वैरण टाळते आणि खुराक तेवढा खाते, रवंथ कमी करते, लाळ आणखी कमी. म्हणजे रक्तात अल्क वाढतं आणि पोटात आम्ल. त्या आम्लानं फॅट पडतं, पुढं खुरं दुखतात. खाण्याचा सोडा म्हणजे हेच बायकार्बोनेट, ते बाहेरून भरून द्यायचं.

आबा म्हणाले, "मंग गव्हाणीखालचा चिखल पाण्याचा न्हाय तर." खरंच आहे. चंद्रीच्या पुढ्यात दुपारी जो ओला पट्टा दिसतो तो सगळा लाळेचा.

दुसरी गोष्ट पोटॅशियमची. माणसाच्या घामातून मुख्यतः सोडियम जातं, गाईच्या घामातून पोटॅशियम. म्हणून माणसाची ओआरएसची पुडी बादलीत टाकून गाईचं भागत नाही. एरवीपेक्षा उन्हाळ्यात पोटॅशियम बरंच जास्त लागतं, आहाराच्या दीड टक्क्याच्या आसपास. चौदा किलोला २१० ग्रॅम.

३० मार्च, गुढीपाडवा

आजपासून खायला घालायची वेळ बदलली. खाल्ल्यावर पोटात आंबण्याची क्रिया चालते, तिची स्वतःची उष्णता असते आणि ती खाल्ल्यानंतर तीन-चार तासांनी शिगेला पोचते. सकाळी दहाला मुरघास (हवाबंद मुरवलेली हिरवी वैरण) टाकला की दीड-दोनला आतली आणि बाहेरची उष्णता एकदम भेटते. आता पहाटे पाचला एक वाटा, संध्याकाळी साडेसहाला एक आणि रात्री साडेदहाला मोठा. दुपारी फक्त थोडी हिरवी वैरण.

रात्रीची पाळी माझी आणि आबांची. गडी सातला घरी जातो, त्याला रात्री थांबवणं बरोबर नाही. सणाच्या दिवशी पुरणपोळी खाऊन साडेदहाला घमेली उचलायला गेलो, आबांनी एक शब्द काढला नाही.

२ एप्रिल

शेजारच्या काकांनी पोटॅशियमचं ऐकलं आणि लगेच म्हणाले, "अगं, डाळिंबाचं पांढरं पोटॅश आहे की घरात अर्धं पोतं. टाक चमचाभर." त्यांना हात जोडून नको म्हटलं. खत हे खत असतं, त्यात जड धातू किती, काय मिसळलंय, कोणी तपासत नाही. जनावराच्या पोटासाठी ते बनवलेलं नाही. आणि पोटॅशियम एकदम जास्त गेलं तर हृदयावर येतं.

शिवाय ते आहे पोटॅशियम क्लोराइड. आहारातलं सोडियम आणि पोटॅशियम एका पारड्यात, क्लोराइड आणि गंधक दुसऱ्या पारड्यात. तापलेल्या दुभत्या गाईला पहिलं पारडं जड हवं. क्लोराइडसकट पोटॅशियम दिलं तर दोन्ही पारडी सारखीच चढतात. चालतं ते पोटॅशियम कार्बोनेट, पशुखाद्य दर्जाचं. ते पंढरपूर-सोलापूरला विचारलं, मिळालं नाही.

म्हणून वैरणीतूनच काढायचं ठरवलं. लसूणघासात पोटॅशियम चांगलं, कोरड्या वजनाच्या दोन-अडीच टक्के. दहा किलो हिरव्या घासातून चाळीस-पन्नास ग्रॅम येतं. मुरघासातून सत्तर, खुराकातून पन्नास, कडब्यातून वीस-पंचवीस, मळीतून दहा. गोळाबेरीज दोनशेच्या जवळ. विहिरीकडच्या वीस गुंठ्यांत लसूणघास आहेच. आतापर्यंत तो वासरांचा लाड होता, आता गाईंचा.

५ एप्रिल

बारा गाईंच्या सहा-सहाच्या दोन तुकड्या. दूध आणि वेत बघून जोड्या लावल्या आणि प्रत्येक जोडीतली एक इकडं, एक तिकडं. ओळीप्रमाणे केल्या असत्या तर वाऱ्याकडची ओळ आपोआप जिंकली असती. ज्यांना सोडा द्यायचा त्यांच्या दाव्याला लाल फीत बांधली, म्हणजे गड्यालाही वाचल्याशिवाय कळेल.

लाल फीत: खाण्याचा सोडा १५० ग्रॅम, मॅग्नेशियम ऑक्साइड (तेही पोटातलं आम्ल मारतं) ४५ ग्रॅम, दिवसातून दोन वाटे करून खुराकात. बिनफीत: काही नाही. लसूणघास, मळी, खनिज मिश्रण सगळ्यांना सारखं.

७ एप्रिल

शेवंतानं आणि तांबडीनं खुराक हुंगून सोडून दिला. चिमूटभर जिभेवर ठेवून पाहिलं. मॅग्नेशियम ऑक्साइड खडूसारखं चिकटतं आणि मागून कडवट लागतं. चूक माझीच, पहिल्याच दिवशी पूर्ण माप टाकलं. आता चौथाई मापापासून सुरू, आठवड्यात पूर्ण. मळी कोमट पाण्यात पातळ करून पेंडीवर शिंपडते आणि मग पावडर टाकून हातानं चोळते, म्हणजे ती तळाला बसत नाही.

१० एप्रिल

दोघी खातायत.

२२ एप्रिल, मंगळवार

दुपारी अडीच. ४३ अंश, आर्द्रता १४. निर्देशांक ८५.१.

चंद्रीचे श्वास ९२, तोंड उघडं, जीभ किंचित बाहेर, मान लांब केलेली. बसत नाही, उभीच. पोटाखालून वारा लागावा म्हणून गाय उभी राहते. पण उभी राहिली की कासेकडं रक्त कमी जातं आणि खुरांवर भार. तिचं अंग १०४.२. गौरी ८४, १०३.४. मोरी ७६.

मग आबांच्या खिलारीकडं गेले. ती चिंचेखाली, रवंथ करत, डोळे अर्धे मिटून. श्वास मोजले, ३४. दोनदा मोजले, कारण विश्वास बसेना. पातळ चकाकती कातडी, गळ्याखाली लोंबणारी सैल पोळी, अंगातच कमी उष्णता तयार होते. दूधही दिवसाला दोन लिटर, हेही त्याच हिशोबात येतं. आपण चंद्रीकडून वीस लिटर मागतो, म्हणजे तिच्या पोटातली भट्टी किती पेटलेली असणार. तिला सावली, पाणी, वारा देणं हे आपल्या अंगावरचं देणं आहे असं मला आज फार वाटलं.

म्हैस डबक्यात. काळं कातडं आणि घामाच्या ग्रंथी कमी, तिला कोणती पावडर देणार? तिला चिखल हवा. टँकरचं पाणी विकत घेऊन डबकं भरलं आज, आणि ते पैसे वाया गेले असं कोणी म्हटलं नाही.

चंद्रीवर पाणी मारलं. दोन मिनिटं अंग भिजवायचं, मग पंखा. पंख्याशिवाय नुसतं पाणी मारलं तर केसांवर ओलीचा थर बसतो आणि आतली उष्णता कोंडते. अर्ध्या तासानं श्वास ६८. कोणत्याही पुडीनं अर्ध्या तासात हे केलं नसतं.

२७ एप्रिल

एक जण पावडर घेऊन आला. उन्हाळ्यासाठी खास, म्हणे. पाकिटावर क्रोमियम, बीटेन, नायसिन, क जीवनसत्त्व, अश्वगंधा, सगळी नावं होती. कशाचं प्रमाण किती, ते कुठंच नव्हतं. परत दिलं.

या पदार्थांत अर्थ नाही असं मी म्हणत नाही. गाय तापली की तिच्या शरीराचा कारभारच बदलतो. ॲरिझोना विद्यापीठातल्या २००९ च्या प्रयोगात थंड जागेतल्या गाईंना तापलेल्या गाईंइतकंच कमी खायला घातलं होतं. तेव्हा दिसलं की दुधातली घट खाणं कमी झाल्यानं एक-तृतीयांशच्या आसपासच समजते. बाकीची घट उष्णतेनं शरीरातला साखरेचा आणि चरबीचा वापर बदलतो म्हणून. इन्सुलिन वाढतं, गाय अंगावरची चरबी वापरू शकत नाही, साखर कासेऐवजी दुसरीकडं खर्च होते. क्रोमियम तिथं काम करतं. बीटेन पेशीतलं पाणी धरून ठेवतं. नायसिन कातडीकडचा रक्तप्रवाह वाढवतं, पण ते पोटातल्या जिवाणूंपासून वाचवून दिलेलं असावं लागतं, आणि तरी त्याचे निकाल कधी इकडं, कधी तिकडं. हे सगळं ग्रॅम आणि मिलिग्रॅमचं काम. प्रमाण न लिहिलेल्या पुडीत क्रोमियम किती आणि नुसता भुसा किती, कसं कळणार? सेलेनियमसारखं खनिज तर थोडं जास्त झालं तरी विष.

त्याऐवजी तेच पैसे बायपास फॅटवर घातले, म्हणजे पोटातल्या जिवाणूंना चुकवून पुढं आतड्यात पचणारं फॅट. फॅट पचताना उष्णता सर्वांत कमी तयार होते, तंतुमय वैरण पचताना जास्त. खाणंच कमी झालेल्या गाईला थोडक्यात ताकद द्यायची तर हा रस्ता मला पटतो. चंद्री, गौरी, मोरी, तिघींनाच, दीडशे ग्रॅम. बाकीच्यांचं दूध तेवढं नाही.

५ मे, सोमवार

आज जे झालं ते सविस्तर लिहायलाच हवं.

सोनी, चौथं वेत, काल रात्री अकराला व्यायली. कालवड. वार वेळेवर पडली. आम्ही गूळ-बाजरीची घाटी दिली आणि झोपलो. पहाटे पाचला गेले तर सोनी छातीवर बसलेली, मान वळवून कुशीवर टेकवलेली. उठवायला गेले, उठेना. कानाला हात लावला, गार. उन्हाळ्याच्या दिवसांत गाईचा कान गार लागला की पोटात खड्डा पडतो. नाकपुड्या कोरड्या, शेण नाही, पोट थोडं फुगलेलं. कालवड दावणीला हंबरत होती आणि ही मान उचलून बघतही नव्हती.

डॉक्टर पाऊण तासात आले. बघताक्षणी म्हणाले, "कॅल्शियम उतरलंय." बाटली कोमट पाण्यात धरून मग शिरेतून, अगदी थेंबाथेंबानं, दुसऱ्या हातानं छातीला नळी लावून. घाई केली तर हृदय बंद पडतं. मी बाटली धरून उभी. बाटली निम्मी झाली आणि सोनीच्या मांडीचे स्नायू थरथरले. मग ढेकर दिली. मग शेण टाकलं. मग नाकावर घामाचे बारीक मणी आले. आबा त्या मण्यांकडं बघून म्हणाले, "आली." वीस मिनिटांनी पुढचे पाय टेकले, घसरली, परत टेकले आणि उभी राहिली.

कास पूर्ण रिकामी करायची नाही असं डॉक्टरांनी बजावलं. कालवडीपुरतं आणि थोडं वर.

६ मे

डॉक्टरांनी काल जाताना एकच प्रश्न विचारला होता, "शेवटचे तीन आठवडे काय खात होती?"

वही उघडली. १६ एप्रिल: "आटवलेल्या दोघींचा कोपरा फार तापतो, त्यांना दुभत्यांच्या दावणीला आणलं." मीच लिहिलेलं. सावलीसाठी आणलं आणि त्या दिवसापासून दोघी सगळ्यांसारखं खात होत्या. लसूणघास, मळी. सोनी लाल फितीच्या तांबडीशेजारी होती, तांबडीच्या पाटीतलं सोड्याचं उष्टं तिनं किती चाटलं देव जाणे.

दुभत्या गाईला जे तारतं तेच व्यायला आलेल्या गाईला मारतं. सोडियम-पोटॅशियमचं पारडं जड झालं की रक्त अल्कधर्मी होतं, आणि मग हाडांतलं कॅल्शियम बाहेर काढणारा संप्रेरक हाका मारतो पण शरीर ऐकत नाही. एरवी ते खपून जातं. व्यायल्या दिवशी चिकातून एकदम कॅल्शियम ओढलं जातं आणि गाय बसते. तिसऱ्या-चौथ्या वेताच्या पुढच्या गाईंना धोका जास्त. दोन एप्रिलला दोन पारड्यांचं मीच लिहिलं होतं. ते आटवलेल्या गाईला उलटं लागू होतं हे माझ्या डोक्यात आलं नाही. हा दोष माझा.

आज दुसरी आटवलेली, काळी, वेगळी केली. तिला व्यायला अठरा दिवस आहेत. कडबा, थोडा मुरघास, डॉक्टरांनी सांगितलेला खुराक. लसूणघास नाही, सोडा नाही, मळी नाही. तिच्या कोपऱ्यावर दोन पदरी शेडनेट आणि जुना पंखा. आधीच हे केलं असतं तर तिला आणि सोनीला हलवायची वेळच आली नसती. दाव्याला पांढरी फीत, आणि गड्याला, आईला, काकूला, सगळ्यांना दाखवून: पांढरी फीत म्हणजे हिला आमचं नवं काही नाही.

१२ मे

पाच आठवड्यांची मांडणी.

लाल फितीच्या सहा गाईंचं सरासरी फॅट ३.६, बिनफितीच्या सहांचं ३.३. सुरुवातीला दोन्हीकडं ३.५ होतं. दूध लाल फितीकडं अर्ध्या लिटरनं जास्त, पण त्यावर मी काही बोलणार नाही. बारा गाई, एक गोठा, त्यात गौरी मध्येच दोन दिवस खोकत होती. फॅटचा फरक मात्र सहापैकी पाच जोड्यांत दिसतोय, म्हणून तो धरते. श्वास आणि अंगाचं तापमान दोन्हीकडं सारखंच. सोड्यानं गाय गार होत नाही. तापलेल्या गाईचं पोट शाबूत राहतं, एवढंच त्याचं काम, आणि ते तो करतो.

शेणही बघितलं. लाल फितीकडं शेण घट्ट, बिनफितीकडं दोघींचं पातळ आणि त्यात मक्याचे दाणे. आईला हे माझ्या आधी दिसलं होतं, शेणी थापताना.

उद्यापासून सगळ्या दुभत्यांना सोडा. परीक्षा पुरे झाली.

रात्रीच्या वैरणीचा हिशोब वेगळा करता येणार नाही, ती सगळ्यांनाच होती. पण मागच्या वर्षी याच दिवसांत सकाळी गव्हाणीत उरलेली वैरण घमेल्यानं काढत होतो. आता पहाटे गव्हाण चाटूनपुसून असते.

२४ मे, शनिवार

गेल्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी पाऊस. गावात सगळे खुश, उन्हाळा संपला म्हणतायत. मलाही तसंच वाटलं आणि चार दिवस मोजलं नाही. आज डेअरीवर दूध दहा लिटरनं कमी भरलं तेव्हा घड्याळाकडं गेले.

दुपारी ३४ अंश, आर्द्रता ६२. हिशोब ८५.८. एप्रिलमधल्या ४३ अंशांच्या दुपारपेक्षा जास्त!

पहाट तर त्याहून वाईट. एप्रिलमध्ये पहाटे २६ अंश आणि आर्द्रता ४०, निर्देशांक ७१.९, म्हणजे गाईला रात्री दोन-तीन तास तरी सुटका होती. आज पहाटे २५ अंश, अंगाला गारवा लागतोय, पण आर्द्रता ८८ आणि निर्देशांक ७५.७. चोवीस तासांत एकदाही ७२ च्या खाली नाही. चंद्री पहाटे पाचलाच ७० श्वासांवर होती.

अमेरिकेत कॅन्सस राज्यात जून २०२२ मध्ये मांसासाठी पोसलेली किमान दोन हजार जनावरं काही दिवसांत उष्णतेनं मेली, तेव्हा हेच झालं होतं. ऊन होतंच, पण आर्द्रता चढली, वारा पडला आणि रात्री गार झाल्या नाहीत. दिवसभर साठवलेली उष्णता रात्री टाकायला जागाच मिळाली नाही. तिकडचे हजारो जनावरांचे वाडे आणि आमचा बारा गाईंचा गोठा, पण गाईचं अंग तेच.

२५ मे

फॉगर बंद केले. कोरड्या एप्रिलमध्ये ते धुकं उपयोगी होतं, आता ते गोठ्यात नुसती दमट हवा वाढवतं. त्याऐवजी मोठ्या थेंबांनी अंग भिजवणं आणि पंखे रात्रभर. दक्षिणेकडचं गोणपाट काढून वारा मोकळा केला. रात्री अकरा ते चार लाइट नव्हती. आबा गाई सोडून अंगणात घेऊन बसले.

काळी काल दुपारी व्यायली. रात्रभर दर दोन तासांनी जाऊन कान चाचपले. ऊबदार. पहाटे स्वतः उठून पाणी प्यायली. आता तिला लसूणघास सुरू, आधी एक पेंढी.

२८ मे

परवा मान्सून मुंबईत पोचला, इतक्या लवकर पंचाहत्तर वर्षांत आला नव्हता म्हणे. आमच्याकडं माणला पाणी आहे. सोडा चालूच ठेवलाय. तारीख बघून बंद करणार नाही, घड्याळ बघून करणार.

८ जून, रविवार

सलग पाच पहाटे निर्देशांक ७२ च्या खाली. चंद्री ४४ श्वासांवर, बसून रवंथ करत होती. घास गिळल्यापासून दुसरा वर येईपर्यंत चघळणं मोजलं, ५८. एप्रिलच्या त्या दुपारी ती रवंथच करत नव्हती.

सोडा दीडशेवरून शंभरवर. पुढच्या आठवड्यात पन्नास, मग बंद. बायपास फॅट चंद्रीला आणखी पंधरा दिवस, ती फार उतरली आहे, फऱ्याची हाडं दिसतायत. मोरीला आज माज आला, डॉक्टरांना फोन केला.

उरलेलं मॅग्नेशियम ऑक्साइड, अडीच किलो, डब्यात बंद करून वर तारीख लिहिली. लाल फिती धुऊन वाळत टाकल्या. पांढऱ्या फिती आहेत तिथंच राहू दिल्या, तांबडी ऑगस्टमध्ये आटवायची आहे.